पायथ्याची मंडळी

सहलीच्या बसच्या दारापाशी एक निळं प्लॅस्टिकचं स्टूल असतं. कंपनीच्या रंगीत माहितीपत्रकात पुशबॅक सीट असतात, एसी असतो, घरगुती चवीचं जेवण असतं, या स्टुलाचं नाव मात्र कुठे नसतं. बस थांबली की क्लीनर पोरगा सगळ्यांच्या आधी खाली उडी मारतो, स्टूल दाराखाली ठेवतो, ते हलू नये म्हणून त्यावर स्वतःचा एक पाय रोवतो आणि हात पुढे करतो. बसची शेवटची पायरी आणि जमीन यांत किती अंतर असतं, हे पन्नाशीच्या आतल्या माणसाला विचारा, सांगता येणार नाही. सत्तरीनंतर सगळ्या सहलीचा बेत त्या दीड फुटावर ठरतो.

बाबांनी हे स्टूल पहिल्यांदा पाहिलं ते एक्स्प्रेसवेवर, नाश्त्याच्या थांब्याला. पोराचा पुढे आलेला हात त्यांनी धरला नाही. दारात उलटे वळले, बसकडे तोंड केलं, दोन्ही हातांनी दांडे घट्ट धरले आणि एकेक पाय चाचपत खाली आले. मागे रांग खोळंबली. कुणीतरी हसत विचारलं, “आजोबा, उलटे का?” बाबा खाली पोचल्यावर म्हणाले, “शिडी उतरताना तोंड शिडीकडे ठेवायचं. कारखान्यात पहिल्या दिवशी शिकवतात.” पुढच्या थांब्याला बोरिवलीच्या दोन आज्या तशाच उतरल्या. थेऊर येईपर्यंत बसचा निम्मा पुढचा भाग उलटा उतरायला लागला होता, आणि क्लीनर पोरगा हात पुढे करायचा सोडून नुसतं स्टूल धरून उभा राहायला लागला होता.

आम्ही पवईहून बसलो, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर, एल अँड टीच्या गेटजवळ. पहाटेचा अंधार, डोक्यावर मेट्रोचे खांब, पायाशी बॅगा. बस बोरिवलीहून अंधेरी करत यायची होती आणि पुढे मुलुंडची मंडळी घेऊन ऐरोलीच्या पुलावरून जायची होती. जागा बाबांनीच सुचवली होती. सोसायटीच्या फाटकापाशीही बस येऊ शकली असती, पण या गेटवर आयुष्यभर वेळेवर पोचलेल्या माणसाला दुसरीकडे कुठे उभं राहणं पटलं नसतं. दोन डॅनिश इंजिनियरांनी 1938 साली मुंबईत सुरू केलेल्या कंपनीने पवईची जमीन घेतली तेव्हा इथे दलदल आणि झाडी होती. बाबा फिटर म्हणून लागले तेव्हाही त्यातली बरीच शिल्लक होती. कांजूरमार्ग स्टेशनवरून चालत यायचे, आणि परतताना अंधार पडला तर चौघं-पाच जण मिळून निघायचे, कारण तलावाच्या बाजूला वाघरू दिसल्याची बातमी कायम कुणाकडे तरी असायची. आम्ही राहायचो तिरंदाजच्या गावठाणात. दुपारी खाणीत सुरुंग उडाले की भांडी वाजायची. त्याच डोंगरांच्या जागी आता हिरानंदानीचे ग्रीक खांबांचे मनोरे आहेत, आणि त्यांच्या सावलीला बाबा संध्याकाळी फिरतात.

फिरतात म्हणजे तलावापर्यंत जातात. पवईचा तलाव 1891 साली बांधून झाला तो मुंबईला पाणी पाजायला. ते पाणी पिण्यालायक निघालं नाही. तेव्हापासून त्याच्याकडे बघणं एवढंच शहराच्या वाट्याला आलं आहे. तरी दर पावसाळ्यात तो ओसंडला की पेपरात बातमी येते, आणि बातमीच्या शेवटी न चुकता छापतात की हे पाणी पिण्यासाठी वापरलं जात नाही. बाबा ती बातमी मोठ्याने वाचून दाखवतात. “उपयोग नाही, पण भरतो वेळेवर,” एवढं म्हणून पान उलटतात.

आई गेल्यावर त्यांचं जग या तलावाच्या कठड्यापर्यंत आलं. अष्टविनायकाचं मीच काढलं. ते म्हणाले, पंच्याहत्तरीनंतर एसटी फुकट आहे, कंपनीला पैसे कशाला द्यायचे? 2022 च्या ऑगस्टपासून राज्यात खरंच तशी सोय झाली आहे, आणि ते कार्ड खिशात नसेल तर बाबा खाली दूध आणायलाही जात नाहीत. पण स्टँडवर स्टँड जोडत आठ गावं करणं म्हणजे काय, हे त्यांनाही ठाऊक होतं. शेवटी त्यांनी बुकिंगवाल्या मुलीला फोनवर एकच प्रश्न विचारला, “मुक्कामाला कमोड आहे ना?” तिने उत्तर इतक्या तत्परतेने दिलं की हा प्रश्न तिला दिवसातून कितीदा येत असेल याचा अंदाज आला.

ही यात्रा बाबांनी आधी केली होती, तिला यात्रा म्हणायचं असेल तर. 1979 साली ‘अष्टविनायक’ सिनेमा आला, त्यातल्या एका गाण्यात आठही गणपती पडद्यावर दिसले आणि चाळीचाळीतून वर्गण्या गोळा व्हायला लागल्या. आमच्या चाळीनेही एसटीची गाडी प्रासंगिक करारावर घेतली. लाल डबा, आत माणसं, टपावर पातेली, स्टोव्ह आणि तांदळाचं पोतं. बाबा तेव्हा दर थांब्याला माणसं मोजायचे आणि चूल मांडायचे. सिद्धटेकला भीमा नावेतून ओलांडावी लागायची. पलीकडे गेलेली माणसं परत येईपर्यंत अलीकडे भात शिजलेला असे. मला त्या सहलीतली नाव आठवते, रॉकेलचा वास येणारा भात आठवतो. देवळांपैकी एकही धड आठवत नाही. आता भीमेवर पूल आहे. बस सरळ पलीकडे जाते, आणि कुणी खिडकीतून खाली पाहिलं तरच नदी लागल्याचं कळतं.

शास्त्राप्रमाणे अष्टविनायक मोरगावला सुरू होतो आणि आठही झाले की पुन्हा मोरगावला येऊन संपतो. बसवाल्यांचं शास्त्र डिझेलचं आहे. मुंबईहून निघालात की महड-पाली आधी, मग घाट चढून थेऊर, मोरगाव, सिद्धटेक, रांजणगाव, आणि येताना ओझर-लेण्याद्री उरकून माळशेजने खाली. बाप्पाची हरकत नसावी. निदान आमच्या टूर मॅनेजरने माइकवरून तसं जाहीर केलं होतं. हा उत्साही मुलगा प्रत्येक देवळाआधी दोन गोष्टी सांगायचा, देवळाची कथा आणि प्रसाधनगृह कुठल्या बाजूला आहे ते. दुसरी गोष्ट सगळे लक्ष देऊन ऐकत.

या दुसऱ्या गोष्टीत माझी अडचण होती. मुलगी बापाचा हात धरून कुठेही नेऊ शकते, एका दारापर्यंतच. त्या दारापुढे ओली फरशी असते, दिवा असेलच असं नाही, आणि मी बाहेर पर्स पोटाशी धरून उभी. चौफुल्याला चहासाठी थांबलो तेव्हा मुलुंडचे एक काका, बँकेतून निवृत्त झालेले, काही न बोलता बाबांच्या पुढे आत गेले. बाबा बाहेर आल्यावर ते आले. पुढच्या वेळी बस थांबली तशी त्यांनी मागे वळून नुसतं पाहिलं, आणि बाबा उठले. दोघांनी एकमेकांना नावं विचारली ती बऱ्याच उशिरा, जेवणाच्या पंगतीत. मला कुणी मदत मागायला लावली नाही, आभार मानायलाही वाव ठेवला नाही. मराठी माणूस प्रवासात भांडतो असं म्हणतात. खिडकीवरून भांडणं आमच्याही बसमध्ये झाली. पण या अशा न बोललेल्या व्यवहाराला कुणी नाव दिलेलं नाही.

घरी बाबा आणि मी समोरासमोर असतो, किंवा मी स्वयंपाकघरात आणि ते बाहेर. शेजारी शेजारी, खांद्याला खांदा लावून, तासन् तास आम्ही कधी बसलो नव्हतो. समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत बोलायचं असलं की बाबा बोलतात. थेऊर सोडल्यावर सोलापूर रस्त्याला लागलो, दोन्ही बाजूंना ऊस. बाबा म्हणाले, “मला कुवेतचं पत्र आलं होतं.” हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते.

“कधी?”

“तू झाली नव्हतीस. आमच्या खात्यातले तिघं गेले.”

“मग?”

“मग काय. फोटो काढून घेतला पासपोर्टसाठी. चांगला आला होता.”

मी वाट पाहिली. बस एका ट्रॅक्टरच्या मागे अडकली, सुटली. बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, “यंदा ऊस बरा दिसतोय.” कुवेत संपलं. पुन्हा काढायचा मी प्रयत्न केला, तेव्हा ते झोपले होते, किंवा तसं दाखवत होते.

सहल म्हणजे स्थळं बघणं, अशी माझी समजूत. बाबांची नजर स्थळावर नसायचीच. पालीला बल्लाळेश्वराच्या देवळात मोठी घंटा आहे. 1739 साली वसई घेतल्यावर चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांच्या घंटा आणल्या, त्यांतली ती एक. दर्शनाला दिलेल्या वेळातला बराचसा वेळ बाबांनी तिच्याखाली घालवला. वाजवली नाही. बोटाच्या पेराने कडेला हलकं ठोकलं, कान नेला, पुन्हा दुसऱ्या बाजूला ठोकलं. मग तळव्याने कड चाचपली, ती कुठे जाड, कुठे पातळ. “ओतकाम नंबरी आहे,” म्हणाले. नंतर वर बघत राहिले, जिथे ती टांगली आहे तिकडे. “जिंकली ते ठीक. पण चर्चच्या मनोऱ्यावरून उतरवली कुणी असेल? दोर कुणी धरला असेल?” इतिहासाच्या पुस्तकात असे प्रश्न येत नाहीत. घडवणारी, ओतणारी, टांगणारी आणि उतरवणारी माणसं त्यात सापडत नाहीत, आणि बाबा कुठेही गेले की त्यांनाच शोधत असतात. मागून मॅनेजर शिट्टी वाजवत आला. गाभाऱ्यात बाबांनी घाईघाईने हात जोडले आणि लगेच फिरले.

थेऊरला चिंतामणीच्या लाकडी सभामंडपात ते निवांत बसले. थोरले माधवराव इथेच गेले, 1772 च्या नोव्हेंबरात, हे मॅनेजरने बसमध्ये सांगितलं होतं. वय ऐकून बाबा चमकले. “सत्तावीस?” त्यांनी मुलुंडच्या काकांकडे पाहिलं. “आणि आपण बघा. गोळ्या खाऊन खाऊन अष्टविनायक करतोय.” दोघंही मनापासून हसले. रांजणगावला महागणपतीपेक्षा त्यांना आवडली ती एमआयडीसी. नगर रस्त्यावर ओळीने शेड लागल्या तसे ते सीटवरून पुढे सरकले, एकेक पाटी वाचू लागले, आणि शिफ्ट सुटलेली तरुण पोरं बसथांब्यावर दिसली तेव्हा त्यांनी काचेतून त्यांना हात केला. पोरांनी बघितलं नाही. बाबांना त्याचं काही नव्हतं.

खरा प्रश्न लेण्याद्रीचा होता, आणि तो सगळ्या बसला पहिल्यापासून माहीत होता. बाकी सात देवळं सपाटीला, हा एकच डोंगरात. सुमारे तीनशे पायऱ्या. जुन्नरजवळच्या या डोंगरात बौद्ध भिक्षूंसाठी लेणी खोदली गेली, त्यांतल्या सातव्या लेण्यात पुढे गिरिजात्मज आला. वर जायला पुरातत्त्व खात्याचं तिकीट काढावं लागतं. देवाला तिकीट का, म्हणून बसमध्ये थोडी कुरकुर झाली. मॅनेजरने माइक घेतला, “ज्यांना जमणार नाही त्यांनी खाली थांबा, बाप्पा सगळीकडे आहे.” सहल कंपन्यांचं तत्त्वज्ञान कधीकधी फार सोयीचं असतं.

सोय आपल्याकडे मुळातच आहे म्हणा. पंढरपूरला पायांवर डोकं ठेवायची रांग वेगळी आणि लांबून मुखदर्शन घ्यायची वेगळी. तेही जमलं नाही तर नामदेवांची पायरी आहे, आणि तिथपर्यंतही पोचता आलं नाही तर कळस आहेच. गाडीच्या खिडकीतून कळस दिसला की हात जोडून मोकळी होणारी माणसं आपण रोज पाहतो. त्यांची यात्रा कमी भरली असं कुणी म्हणत नाही. चोखोबांची गोष्ट निराळी. त्यांना पायरीबाहेर थांबवलं होतं, आणि त्या थांबवण्याला सोय म्हणणं हे पाप होईल. पण शरीर थकल्यावर माणसाने कुठवर जायचं, हे ज्याचं त्याने ठरवायची मुभा या परंपरेत आहे. आडवे येतो आम्ही, बरोबर गेलेले. आठ म्हटले होते, आठ झाले पाहिजेत, पैसे भरलेत.

पायथ्याशी डोलीवाले उभे होते. लाकडी खुर्ची, तिला दोन बाजूंनी दांडे. मी भाव विचारला. बाबांनी ऐकलं आणि काठी जमिनीवर टेकली.

“मला नाही बसायचं.”

“बाबा, एवढ्या लांब आलोय.”

“माणसांनी मला उचलायचं ते एकदाच. त्याला वेळ आहे अजून.”

मुलुंडचे काका खाली बघत हसले. डोलीवाल्यांपैकी एकाने कपाळावर हात मारला. यानंतर बोलण्यासारखं काही उरलं नाही.

पायथ्याशी थांबलेली मंडळी बरीच होती. गुडघेवाले, दमेवाले, पायाला प्लास्टर घातलेला एक कॉलेजचा मुलगा, आणि बोरिवलीच्या त्या दोन आज्या. एका चहाच्या टपरीपुढे त्यांनी खुर्च्या ओढून घेतल्या. वर माकडं फार, पर्स ओढतात, असं कळल्यावर चढणाऱ्यांनी आपापल्या चीजवस्तू त्यांच्या हवाली करायला सुरुवात केली. पर्स, चष्म्याची घरं, केळी, कुणाचं मंगळसूत्रसुद्धा. बाबांच्या मांडीवर चार-पाच बायकांच्या पर्स जमल्या. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि कुणाची कुठली ते कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीमागे लिहून काढायला लागले. मला चाळीची सहल आठवली. तेव्हाही सगळी चाळ वर गेली होती आणि बाबा खाली पातेल्यांपाशी थांबले होते, कारण कुणीतरी थांबायला हवं होतं. लेण्याद्रीला ते दोनदा आले आणि वर एकदाही गेले नाहीत. मला हे पायऱ्या चढताना सुचलं, आणि मग सगळा वेळ तेच डोक्यात राहिलं. कुवेतचं पत्र आणि हे.

वर सातवं लेणं मोठं आहे. बाहेर ओसरीला खांबांची रांग, आत चौकोनी दालन आणि दोन्ही बाजूंना भिक्षूंच्या राहायच्या खोल्या. दालनात एकही खांब नाही. दारांतून येईल तेवढा उजेड. आमच्या बसमधली माणसं तिथे आपोआप हळू बोलत होती. मी नमस्कार केला, बाबांच्या वाटचाही केला, आणि बाहेर ओसरीवर येऊन जुन्नरच्या बाजूचं खोरं बघत थोडी थांबले. एका माकडाने माझ्या हातातला नारळाचा तुकडा नेला.

खाली आले तर बाबा खुर्चीत नव्हते. पर्सचा ढीग आज्यांच्या ताब्यात होता आणि बाबा डोलीत बसले होते. जमिनीवरच्या, रिकाम्या डोलीत. भोवती चार डोलीवाले उकिडवे. बाबा दांड्याला जिथे दोर आवळला होता तिथे बोट ठेवून काही सांगत होते. चढताना पुढचे दोघं खाली आणि मागचे वर उचलतात का, भार कुणावर जास्त येतो, खांद्याला काय बांधता. त्यांच्यातला वयस्कर गडी खांद्यावरचा घट्टा दाखवत होता. बाबांनी तो दाबून पाहिला, आणि मग शर्टाची बाही वर करून स्वतःच्या हातावरची जुनी भाजल्याची खूण त्याला दाखवली.

“काय होतं वर?” बस सुटल्यावर त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. खोल्या, अंधार, ओसरी, खांब नसलेलं दालन.

“केवढं?”

“असेल पन्नासेक फूट. लांबी-रुंदी जवळजवळ सारखीच.”

“आणि आत एक खांब नाही?”

“नाही.”

“शक्य नाही. पन्नास फुटांच्या गाळ्याला आधार लागतो. तू नीट बघितलं नाहीस.”

माळशेज घाट लागला, अंताक्षरी सुरू झाली, पुढच्या आज्या जुनी नाट्यगीतं काढत होत्या. बाबा पर्सची यादी लिहिलेल्या कागदावर दालन काढत होते. इकडून भार, तिकडून भार. मुलुंडच्या काकांनी मागून डोकावून सांगितलं की त्यांनाही खांब दिसला नव्हता. ते बाबांनी ऐकून घेतलं, पण मानलं नाही. बऱ्याच वेळाने पेन थांबलं. “डोंगर अखंड आहे,” ते म्हणाले. “वरून काही ठेवलेलं नाही, आतून काढून घेतलंय. मग तुळईचा हिशोब लागत नाही.” थोडं थांबून, “पण तरी.” मुरबाड गेलं, कल्याण आलं, तरी ‘पण तरी’ सुटलं नव्हतं.

मुलुंडला काका उतरले तेव्हा दोघांनी फोन नंबर घेतले. पवईला स्टूल खाली आलं, बाबा उलटे उतरले, आणि जमिनीवर पाय टेकल्यावर क्लीनर पोराला त्यांनी विचारलं की लेण्याद्रीला तुमची गाडी पुन्हा कधी आहे. मी बॅगा मोजत होते.

“तू जा,” मला म्हणाले. “आणि या वेळी टेप घेऊन जा. दाराशी उंची घे, मध्ये घे, मागच्या भिंतीपाशी घे. तिन्ही लिहून आण.”